पक्षाघाताची मोजदाद : प्रस्तावना

कोहिनूर हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातलं गाव. इकडं कलबुर्गी जिल्ह्याची शीव, तिकडं महाराष्ट्रातला उमरगा तालुका, आणि सोलापूर-हैदराबाद हमरस्ता तालुक्यातूनच गेलेला. इथल्या माणसाच्या अंगावरून पहाटे वारं गेलं, तोंड वाकडं झालं, हातातला चहाचा कप सुटला, की पहिला तास त्याला कुठं न्यायचं हे ठरवण्यात जातो. कुणी कलबुर्गी म्हणतं, कुणी बीदरच्या सरकारी दवाखान्याचं नाव घेतं. मेहुण्याच्या ओळखीचा डॉक्टर सोलापूरला असतो, मुलगी लातूरला दिलेली असते, आणि पैशाची सोय असली तर हैदराबादचंही नाव निघतं. कुठंही जायचं म्हटलं तरी गाडी मिळाल्यावर दीड-दोन तास धरावेच लागतात. समजा, तो सोलापूरला गेला. तिथं चार दिवस राहिला, पैसे संपले, घरी आणला आणि तीन आठवड्यांनी घरच्या बाजेवर गेला. सोलापूरच्या दवाखान्याच्या लेखी तो ‘घरी सोडलेला रुग्ण’, म्हणजे जिवंत. बीदर जिल्ह्याच्या दवाखान्यांच्या कागदांवर तो कधी आलाच नाही. गावच्या मृत्यूनोंदीत त्याच्या नावापुढं बहुधा ‘वृद्धापकाळ’ पडतं, नाहीतर ‘हार्ट अटॅक’. एक माणूस पक्षाघातानं गेला आणि तो पक्षाघात कुठल्याच वहीत उतरला नाही.

म्हणून या पट्ट्यात पक्षाघात वाढतो आहे की कमी होतो आहे, झटका आलेल्यांपैकी पूर्वीपेक्षा जास्त माणसं वाचतात की नाही, या साध्या प्रश्नांना आज इथं उत्तर नाही. हे पुस्तक त्या प्रश्नांसाठी आहे. उपचारांवर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे, पथ्यावर तर त्याहून जास्त. एका ठरावीक लोकसंख्येत हा आजार दशकानुदशकं कसा चालतो, कुठं तो मागे हटला आणि कशामुळं हटला, हे मात्र आपल्या वाचकापर्यंत फारसं पोचलेलं नाही. ते पोचायला हवं, कारण या आजाराबद्दल कळलेली सगळ्यात आशादायक गोष्ट दवाखान्यातून आलेली नाही, ती मोजणीतून आली आहे. पक्षाघाताचं प्रमाण निम्म्यापर्यंत खाली आणता येतं, आणि ते आणून दाखवलेलं आहे.

आधी थोडं आजाराविषयी. मेंदूकडं रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद झाली किंवा फुटली, की त्या भागातल्या पेशी मरू लागतात. मोठी नळी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशोब मांडला गेला आहे. बंद पडण्याचा प्रकार जास्त आढळतो, फुटण्याचा जास्त मारतो. दोन्हींच्या मुळाशी सर्वाधिक वेळा असतो तो वाढलेला रक्तदाब, वर्षानुवर्षं न दुखणारा आणि म्हणून न मोजलेला. तंबाखू, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके आणि मीठ ही पुढची नावं.

मोजायचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि नवख्या वाचकानं इथं थोडं थांबावं. एका वर्षात दर लाख माणसांमागे किती जणांना पहिल्यांदा झटका आला, हा नव्या रुग्णांचा दर. दर लाखामागे किती जण पक्षाघातानं गेले, हा मृत्युदर. झटका आलेल्या शंभरांपैकी २८ दिवसांत किती गेले, हे जगण्याचं पहिलं माप. वर्षानं किती उरले आणि पाच वर्षांनी किती, ही त्याच्या पुढची मापं. आज या घडीला पक्षाघात होऊन गेलेली किती माणसं समाजात आहेत, हा आकडा आणखी वेगळा. हे सगळे आकडे एका दिशेनं चालतील असं नाही. उपचार सुधारले आणि माणसं वाचू लागली, तर मृत्युदर उतरतो आणि त्याच वेळी घराघरांत अंथरुणाला खिळलेल्यांची संख्या वाढते. सी.टी. स्कॅनचं यंत्र तालुक्याला आलं, तर पूर्वी ‘चक्कर आली’ म्हणून सोडून दिलेले हलके झटके नोंदले जातात. मग नव्या रुग्णांचा दर वाढलेला दिसतो, शंभरांतले मरणारे कमी झालेले दिसतात, आणि प्रत्यक्षात आजार होता तिथंच असतो. एकच आकडा घेऊन ‘पक्षाघात वाढला’ असं सांगणाऱ्या बातमीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

या विषयाचा इतिहास मोजणाऱ्या माणसांचा आहे. अमेरिकेत १९४८ साली फ्रेमिंगहॅम या गावात हजारो निरोगी माणसांची नावं लिहून घेऊन त्यांच्यामागं वर्षानुवर्षं जाण्याचं काम सुरू झालं. कोणाला पुढं हृदयविकार झाला, कोणाला पक्षाघात, आणि त्यांचा रक्तदाब आधीपासून किती होता, हे त्यातून कळलं. मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावातल्या जुन्या वैद्यकीय कागदपत्रांतून दुसरी गोष्ट पुढं आली : तिथं पक्षाघाताचा दर १९५० पासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उतरत गेला होता. या उतरणीचं कारण काय, यावर विद्वान अजून भांडतात. त्या भांडणाकडं पुढं येतोच.

जपानची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १९५१ पासून १९८० पर्यंत तीस वर्षं पक्षाघात हे जपानमधल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. उत्तरेकडच्या अकितासारख्या भागात लोणच्यांतून आणि सोयाबीनच्या खारवलेल्या पदार्थांतून पोटात जाणारं मीठ अफाट होतं. मृत्यूच्या दाखल्यांवर मेंदूतल्या रक्तस्रावाचं नाव इतक्या जास्त वेळा येत होतं, आणि गुठळीचं इतकं क्वचित, की पाश्चात्त्य संशोधकांना त्या दाखल्यांचीच शंका आली. तेव्हा क्यूशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९६१ साली फुकुओका शहराजवळचं हिसायामा हे गाव निवडलं. प्रौढ गावकऱ्यांची तपासणी केली, आणि गावात कुणी गेलं की शवविच्छेदनाची परवानगी मागायला त्यांनी घरच्यांकडं जायला सुरुवात केली. पहिल्या काही दशकांत मरणाऱ्या दर पाचांपैकी जवळपास चौघांची शवविच्छेदनं झाली. एका खेड्यानं आपल्या मेलेल्या माणसांचं शरीर असं विज्ञानाच्या हाती दिलं, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. निष्कर्ष असा निघाला की दाखले चुकत होते. गुठळीचे पक्षाघात दाखल्यांत दिसत होते त्याहून कितीतरी जास्त होते. मरणाचं कारण कोण लिहितो आणि कशाच्या आधारावर लिहितो, यावर अख्ख्या देशाचं आजाराविषयीचं ज्ञान उभं असतं, हे हिसायामानं दाखवून दिलं. पुढं जपाननं मीठ कमी केलं, गावोगाव रक्तदाब मोजला, औषधं घरापर्यंत पोचवली. पक्षाघात पहिल्या जागेवरून खाली आला.

१९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं पक्षाघाताची एक कामचलाऊ व्याख्या ठरवली. लक्षणं झटकन सुरू झालेली, चोवीस तासांहून जास्त टिकलेली किंवा तेवढ्यात मृत्यू आणणारी, आणि रक्तवाहिनीखेरीज दुसरं उघड कारण नसलेली. लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सी.टी. स्कॅन निघाला, गुठळी आणि रक्तस्राव जिवंत माणसात वेगळे ओळखता येऊ लागले. १९८० च्या दशकात ऑक्सफर्ड परिसरात आणि न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये खऱ्या अर्थानं लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी उभी राहिली. दवाखाने, कुटुंबाचे डॉक्टर, मृत्यूचे दाखले, स्कॅनची यादी, वृद्धाश्रम अशा सगळ्या वाटांनी त्या भागातला प्रत्येक झटका शोधून काढायचा, दवाखान्यात न गेलेलाही. ऑक्सफर्डच्या १९८१–८४ च्या नोंदी २००२–०४ च्या नोंदींशेजारी ठेवल्या, तेव्हा वयाचा हिशोब धरून पहिल्या झटक्यांचा दर २९ टक्क्यांनी उतरलेला निघाला, आणि अपंग करणाऱ्या किंवा जीव घेणाऱ्या झटक्यांचा ४० टक्क्यांनी. लोकसंख्या म्हातारी होत असताना हे घडलं होतं. झटक्याआधीचा रक्तदाबही त्या वीस वर्षांत खाली आलेला होता.

२००९ साली जगभरच्या अशा लोकसंख्या-अभ्यासांची गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. १९७० ते २००८ या काळात श्रीमंत देशांतला नव्या रुग्णांचा दर ४२ टक्क्यांनी उतरला होता. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतला दुपटीहून वर गेला होता. आपण दुसऱ्या गटात येतो.

आता ते भांडण. एक बाजू म्हणते, ही उतरण रक्तदाबाच्या औषधांची. १९६७ आणि १९७० साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या चाचण्यांनी औषधानं पक्षाघात टळतो हे सिद्ध केलं, १९७२ पासून तिथं राष्ट्रीय मोहीम चालली आणि घसरण वेगावली. दुसरी बाजू दाखवते की अमेरिकेत पक्षाघाताचे मृत्यू औषधं येण्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच कमी होत होते. म्हणजे अन्न, राहणीमान, मिठात टिकवण्याऐवजी थंडगार कपाटात अन्न टिकवण्याची सोय यांचाही वाटा असणार. तिसरी बाजू इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांच्या विचारातून आली : माणसाचा म्हातारपणचा आजार त्याच्या आईच्या उपाशीपणात पेरलेला असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यातून दिसलेलं किडकिडीत पण आतून चरबी बाळगणारं बाळ याच धाग्यातलं. चौथी बाजू दवाखान्याची. पक्षाघातासाठी वेगळा कक्ष, १९९७ च्या दोन प्रचंड चाचण्यांनी पुढं आणलेली ॲस्पिरिनची गोळी, १९९५ साली सिद्ध झालेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, २०१५ पासून नळीतून जाऊन गुठळी ओढून काढण्याची क्रिया, या साऱ्यांनी वाचणाऱ्यांची संख्या वाढवली. माझं मत विचाराल तर उतरणीचं मोठं श्रेय मी पहिल्या दोन बाजूंना देतो आणि जगण्याचं चौथीला. तिसरी बाजू मात्र आपल्या पट्ट्यासाठी मला फार महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर-उस्मानाबादपासून कलबुर्गी-विजापूरपर्यंत माणसं सुकडी आणि मिलोवर जगत होती, बाया खडी फोडत होत्या, त्यातल्या कित्येक गरोदर होत्या. त्या पोटांतून आलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून पक्षाघाताच्या वयात शिरत आहेत. नेदरलँड्समध्ये १९४४–४५ च्या उपासमारीत जन्मलेल्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. आपल्या दुष्काळातल्या बाळांची नावं कुणी धरून ठेवली नाहीत.

या शाखेत आणखी एक तेढ आहे. काही जण गावोगाव जाऊन मोजतात; काही जण थोड्या मोजणीवरून गणिती प्रतिकृती बांधून साऱ्या जगाचे, देशाचे, राज्याचे आकडे काढतात. १९९० च्या दशकात सुरू झालेला आजारांच्या जागतिक भाराचा प्रकल्प दुसऱ्या जातीचा. त्याचे आकडे धोरणासाठी उपयोगी पडतात, त्याबद्दल वाद नाही. पण जिथं मोजणीच झाली नाही, तिथला आकडा शेजारच्या ठिकाणांवरून काढलेला असतो. बीदरचा आकडा असा कुठं छापलेला दिसला, तर तो बीदरमध्ये मोजलेला नाही हे ध्यानात ठेवावं.

भारतातली मोजणी उशिरा सुरू झाली आणि तुटक राहिली. वेल्लोरमध्ये १९६९–७१ या काळात नव्या रुग्णांचा दर लाखामागे १३ निघाला होता. मुंबईत २००५–०६ साली तो १४५ निघाला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘पस्तीस वर्षांत दहापट वाढ’ असं म्हणायचा मोह पडतो, आणि तसं म्हटलं गेलेलंही आहे. वेल्लोरची लोकसंख्या तरुण होती, स्कॅन नव्हता, शोधण्याची पद्धत वेगळी होती. वाढ झाली असणारच, पण ती दहापट होती असं म्हणायला या दोन आकड्यांचा आधार पुरत नाही. मुंबईतल्याच पारशी वस्त्यांत १९८० च्या दशकात १४,०१० माणसांची पाहणी झाली, तेव्हा पक्षाघात होऊन गेलेली माणसं लाखामागे ८४२ आढळली. एवढा मोठा आकडा का, तर तो समाज वयानं म्हातारा होता. वयाचा हिशोब न धरता दोन गावांची तुलना करू नये, हा धडा इथंच मिळतो.

मुंबईचा २००५–०६ चा अभ्यास डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वांद्र्याच्या एच वॉर्डात केला. १,५६,८६१ लोकवस्तीत दोन वर्षांत ४५६ जणांना पहिला झटका आला, आणि त्यांतले २९.८ टक्के २८ दिवसांत गेले. त्याच सुमारास कोलकात्यात महिनाभरात मरणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के निघालं. तिरुवनंतपुरममध्ये शहरी भागात ते २४.५ टक्के आणि ग्रामीण भागात ३७.१ टक्के होतं. एकाच जिल्ह्यात, केरळसारख्या राज्यात, शहर आणि खेडं यांच्यात एवढं अंतर! मग कोहिनूर आणि कलबुर्गी शहर यांच्यात किती असेल? गेल्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून कटक, तिरुनेलवेली, कोटा, वाराणसी आणि काछार इथं लोकसंख्येवर आधारलेल्या पक्षाघात नोंदणी सुरू झाल्या. कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सांध्यावर त्यांतली एकही नाही.

देशपातळीवरचा कल सांगणारा एक मोठा अभ्यासही आहे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणीवर उभारलेल्या, दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासातून २०१८ साली असं दिसलं की २००० ते २०१५ या काळात तीस ते सत्तर वयाच्या माणसांत हृदयविकाराच्या मृत्यूची शक्यता वाढली, पक्षाघाताची मात्र एकंदरीत कमी झाली. ईशान्येकडच्या राज्यांत ती वाढली. देशाची सरासरी उतरत असताना एका कोपऱ्यात आजार चढत राहू शकतो. आपला कोपरा चढणाऱ्यांत आहे की उतरणाऱ्यांत, हे सरासरी सांगत नाही.

मराठी मुलखातला या विषयावरचा सर्वात मोलाचा अभ्यास गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं ‘सर्च’ ही संस्था उभारली, ती बालमृत्यूंच्या कामासाठी जगभर ओळखली जाते. त्याच संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या ९४,१५४ लोकसंख्येत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतला प्रत्येक मृत्यू तपासला. दवाखान्याचे कागद बहुतेकांचे नव्हतेच. म्हणून मृत्यूनंतर घरी जाऊन, अंगणात बसून घरच्यांना विचारायचं. आदल्या दिवशी माणूस ठीक होता का? एका बाजूचे हातपाय एकदम गेले का? बोलणं अडखळलं का? तोंड वाकडं झालं का? गिळता येत होतं का? ताप आधी होता की नंतर आला? पूर्वी कधी असं झालं होतं का? उत्तरं जशी मिळतील तशी लिहायची, आणि मग डॉक्टरांनी ती वाचून कारण ठरवायचं. नुकतंच माणूस गेलेल्या घरात हे विचारणं सोपं नसतं. विचारणारी व्यक्ती गावाच्या बोलीत बोलणारी, घाई न करणारी असावी लागते. नाहीतर ‘म्हातारा झाला होता, गेला’ एवढ्यावर उत्तर संपतं.

त्या दोन वर्षांत १,५९९ मृत्यू झाले आणि त्यांतले २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले. जंगलातल्या, आदिवासीबहुल, गरीब जिल्ह्यात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. हा श्रीमंतांचा, शहरी, बैठ्या माणसांचा आजार अशी जी समजूत होती, ती तिथं मोडली. मृत्युदर लाखामागे १२१.६ होता. वयाचा हिशोब घातला, म्हणजे जिथं म्हातारी माणसं जास्त आहेत अशा प्रमाण लोकसंख्येच्या मापानं पाहिलं, तेव्हा तो १९१.९ झाला. एवढं तरुण असलेलं गडचिरोली जसजसं म्हातारं होईल, तसतसं तिथं काय होणार, याचा इशारा त्या दोन आकड्यांच्या फरकात आहे. आणखी दोन आकडे मला सोडवत नाहीत. या मृत्यूंपैकी ८७.३ टक्के घरी झाले. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबलं असतं तर दर आठांपैकी सात मृत्यू दिसलेच नसते. आणि झटक्यानंतर पहिल्या महिन्यात गेले ते ४६.३ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं महिना ओलांडून जगली होती आणि नंतर गेली. पाठीला पडलेल्या जखमांनी, घशाऐवजी छातीत गेलेल्या पेजेनं, दुसऱ्या झटक्यानं, हळूहळू. यांतली कित्येक मरणं टाळता येण्याजोगी असतात. कूस बदलणं, बसवून भरवणं, रक्तदाबाची गोळी चालू ठेवणं, एवढ्यावरही पुष्कळ टळतात. त्यासाठी मेंदूतज्ज्ञ लागत नाही. शिकवलेली सून किंवा मुलगा लागतो, आणि त्यांना शिकवणारं कुणीतरी.

गडचिरोलीचं चित्र बीदर-कलबुर्गीवर जसंच्या तसं डकवता येणार नाही. इथली माती काळी, ज्वारी-तुरीची. इथला माणूस भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड खातो. इथल्या बायकांच्या दातांना मिश्री असते, तिला तंबाखू म्हणून मोजायची सवय कुणाला नाही. पुरुष पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामाला जातात आणि झटका आला की गावी आणले जातात. त्यांचा झटका शहराचा मोजायचा की गावाचा, हा नोंदणी करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे. झटका आल्यावर कबुतराच्या रक्ताची मालिश करणारे अजूनही आहेत, आणि त्यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास निघून जातात. रक्तदाबाची गोळी सुरू होते, महिन्यानं माप बरोबर येतं आणि ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून बंद होते. या पट्ट्यातल्या पक्षाघातांमागं सर्वात मोठं कारण शोधायचं, तर मी या बंद झालेल्या गोळ्यांकडं आधी पाहीन.

इथं नोंदणी होऊच शकत नाही, असं कुणी म्हणेल त्याला बार्शी दाखवावी. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुके तिनं घेतले, म्हणजे जिल्ह्याची हद्दही ओलांडली. गावोगाव जाणारे कार्यकर्ते, गावकऱ्यांशी बोलणं, रुग्ण जिथं उपचार घेतो त्या दवाखान्यापर्यंत माग काढणं, या साध्या रीतीनं ती दशकानुदशकं चालली. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या परिसरात केईएमच्या संशोधन केंद्रानं प्रत्येक घरातले जन्म, मृत्यू, स्थलांतर लिहिण्याची व्यवस्था उभी केली. हिसायामा जपानात आहे म्हणून लांबचं वाटतं. बार्शी तर आपल्या शेजारची.

शिवाय आज इथं जे हाताशी आहे, ते वीस वर्षांपूर्वी नव्हतं. तिशीवरच्या प्रत्येकाचा तपशील आशाताई घरोघरी जाऊन फॉर्मवर भरतात, उपकेंद्रात रक्तदाब मोजला जातो. २०१७ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं कोणाची गोळी चालू आहे आणि कोण महिनाभर फिरकलं नाही, हे प्रत्येक रुग्णामागे पाहण्याची रीत घालून दिली. आरोग्य कार्डांमुळं दवाखान्यातली भरती कागदावर येते. तुटलेलं आहे ते या सगळ्यांना जोडणारं सूत्र, आणि सर्वात जास्त ते राज्याच्या हद्दीवर तुटतं. कर्नाटकातला रुग्ण महाराष्ट्रात गेला की त्याची माहिती परत येण्याची वाट नाही. ती वाट बांधायला नवं यंत्र लागत नाही. तीन राज्यांतल्या चार-पाच जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांना दर महिन्याला यादी द्यायची ठरवली, तर ती बांधता येते.

या पुस्तकात काय करायचा प्रयत्न आहे, ते थोडक्यात सांगतो. इथले लेख वेगवेगळ्या हातचे आहेत आणि सगळे एकमेकांशी सहमत नाहीत. ते मतभेद तसेच ठेवले आहेत. काही लेख मोजणीच्या पद्धतीवर आहेत, काही जगातल्या आणि भारतातल्या लांब पल्ल्याच्या कलांवर, आणि काही झटक्यानंतरच्या आयुष्यावर, ज्याच्याकडं आकडेवाले आजवर कमी पाहत आले. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी वयाच्या हिशोबाचा भाग आधी सोडला तरी चालेल. घरी मृत्यूचं कारण कसं विचारावं, हा भाग मात्र सोडू नये. आशाताई, उपकेंद्रातल्या परिचारिका आणि ग्रामपंचायतीत मृत्यूनोंद लिहिणारे यांना तो डोळ्यांपुढं ठेवूनच लिहिला आहे. त्यातली प्रश्नावली मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही बोलींत विचारता येईल अशी साधी ठेवली आहे, कारण कोहिनूरसारख्या गावात एका गल्लीत तिन्ही लागतात.

एक अपेक्षा आत्ताच स्पष्ट केलेली बरी. उद्या या पट्ट्यात नोंदणी सुरू झाली, तरी पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून कल कळणार नाही. पहिलं वर्ष माणसं शिकण्यात जातं, दुसऱ्या वर्षी चुकलेले रुग्ण सापडू लागतात आणि त्यामुळं आजार वाढल्यासारखा दिसतो. त्या वाढीला घाबरून काम बंद करू नये, आणि तिचा गाजावाजाही करू नये. पाच वर्षांनी दर स्थिरावतो. दहा वर्षांनी तो चढतो की उतरतो हे बोलता येतं. तोवर प्रत्येक झटक्यापुढं नाव, वय, गाव, झटक्याची वेळ, नेलेला दवाखाना, स्कॅन झाला की नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी माणूस आहे की गेला, आणि वर्षानं तो स्वतःच्या हातानं जेवतो का, एवढ्या गोष्टी न चुकता लिहायच्या. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या कोऱ्या तक्त्यात हेच रकाने आहेत. त्याच्या प्रती काढून वापराव्यात, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.